छातीच्या वरचं झाड

ऑगस्टमधल्या कडक उन्हात रबराचं फळ तडकतं. आवाज असा, की लग्न होऊन नवीनच आलेली सून चूल सोडून अंगणात धावते. बी उडतं आणि वाटेल तिथे जाऊन पडतं. बी काही बांध बघत नाही.

*

औताच्या गाईचं नाव क्लारा. तिच्याइतकं निमूटपणे ऐकून घेणारा जीव अख्ख्या गावात नाही, आणि त्यात चर्चचे पाद्रीही आले.

*

प्रयोगशाळेतल्या शीतकपाटाचं तापमान उणे ऐंशी. दारावर चिठ्ठी: "यात मासे ठेवू नयेत." अशी चिठ्ठी लावावी लागली यातच सगळं आलं.

*

चौपन्न सालच्या पावसाळ्यात मीनच्चिल नदीच्या खोऱ्यातली रबराची झाडं डोकी भादरल्यासारखी उभी होती.

*

रबराचा सगळा कारभार माणसाच्या छातीच्या खाली चालतो. चीक काढायची खाच तिथे, चीक धरायची करवंटी तिथे, पावसात बुंध्याला बांधायचा प्लास्टिकचा झगा तिथे. बाग विकत घेणारा बुंध्याला मिठी मारून घेर बघतो. मान वर करत नाही. वर काय, पानं.

*

"कैसर, पलीकडे सांग, त्यांच्या गाईने आमची केळ खाल्ली."

"क्लारे, त्या कुत्र्याला सांग, केळ आमच्या बाजूला वाकली होती. वाकलेल्याला आम्ही खातो."

*

हे जे कुत्र्यामार्फत आणि गाईमार्फत बोलणारे दोघे, ते इट्टूप आणि औता. मध्ये फक्त एक मातीचा बांध. वयं ऐंशीच्या पुढची. एकमेकांशी थेट बोलल्याला एकतीस वर्षं झालेली. आणि सोसा ही इट्टूपची मुलगी. रबर संशोधन केंद्रात कामाला होती, बसने तासाभरावर. शनिवारी घरी यायची आणि बांधाच्या दोन्ही बाजूंचं ऐकायची.

भांडण एका झाडावरून. फार पूर्वी या बांधावर एक रोप आपोआप उगवलं होतं. कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. मोठं झालं तेव्हा त्याचा चीक करवंटीतून उतू जायला लागला. संशोधनवाले आले, त्याच्या फांद्यांवरचे डोळे काढून नेले, दुसऱ्या रोपांवर भरले, त्यांचे डोळे काढून पुन्हा भरले, आणि शहाऐंशी साली त्या झाडाला नाव मिळालं: मणिमला-सात. आज ज्या डोंगरावर बघाल त्या डोंगरावर मणिमला-सात. दिसायला लाखो झाडं, पण खरं तर एकच झाड, डोळ्या-डोळ्याने पसरलेलं. मूळ रोपाचं झाड पुढे वाऱ्यात आडवं झालं. पण ते बी पडलं कुठून?

बांधाच्या अलीकडे इट्टूपचं एक जुनं झाड. पलीकडे औताचं एक जुनं झाड. त्या वर्षीच्या चर्चच्या जत्रेत, पंगतीत बसलेला असताना इट्टूप सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मणिमला-सात माझ्या झाडाचं बी." औताने पायसमची वाटी खाली ठेवली. "तुझ्या? माझ्या झाडाचं बी ते. तुझं झाड सावली द्यायला आहे." बस. तिथून बोलणं बंद. दोघांनी आपापल्या बागा नंतर दोनदा तोडल्या, दोनदा नव्याने लावल्या, पण ते एकेक म्हातारं झाड कोणीही तोडू दिलं नाही. साक्षीदाराला कोण मारणार?

आणि आता सोसाच्या प्रयोगशाळेत मणिमला-सातचा जीनोम वाचून झाला होता. दीडशे कोटींच्या आसपास अक्षरं. वाचून झाला म्हणजे काय, तर दोघांचे केस एकाच वेणीत घातलेले असावेत तसा समोर आला. निम्मे आईचे, निम्मे बापाचे, आणि कुठली बट कोणाची ते कळेना. वेणी सोडवायची तर आईबापांचे केस शेजारी धरून बघायला हवे होते. जे भांडण इतकी वर्षं गावाची करमणूक होतं ते आता सोसाचं काम झालं.

कामाची तिला भीती नव्हती. भीती वेगळीच होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात चाच्चा, म्हणजे तिचे वडील, एक वाक्य बोलायचे, पंगतीत बोलले होते तेच. ते वाक्य खोटं ठरलं तर ते त्यांना सांगायला तीच जाणार होती.

*

"औतच्चाया, तुमच्या जुन्या झाडाच्या सालीची एक चकती हवी होती. नाण्याएवढी."

"कशाला?"

"रक्त तपासतात ना, तसं."

औता ओसरीवर काळी कॉफी पीत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं, पुन्हा कॉफीकडे पाहिलं. "आणि झाडाचं रक्त तुझ्या बापाच्या बाजूने निघालं तर?"

"झाडाला बाजू कळत नाही."

"झाडाला नाही कळत. मला कळते. नाही देत."

आतून त्याच्या बायकोचा, एलीयाम्माचा, आवाज आला. "अहो, द्या ती साल! झाडाचं वय सदुसष्ट, तुमचं ब्याऐंशी. दोघांच्याही सालीला आता विचारतंय कोण!"

औताने बराच वेळ मिशीला हात लावला नाही, म्हणजे तो खरंच विचार करत होता. "एका अटीवर. निकाल पहिल्यांदा माझ्या कानात. तुझ्या बापाच्या नंतर नाही."

सोसाने मान हलवली. नोव्हेंबर महिना, दोन्ही झाडांची पानं जून आणि चिवट झालेली, वर आभाळात. तिने दोन्ही बुंध्यांतून, छातीएवढ्या उंचीवरून, सालीची एकेक चकती काढली. इट्टूपने तर आपल्या झाडाच्या चकतीच्या वेळी धुतलेला मुंडू नेसला होता.

*

प्रयोगशाळेत सोसाच्या शेजारच्या टेबलावर हसीना बसायची. सोसाला ती चेच्ची म्हणायची, म्हणजे ताई. निकाल पडद्यावर आला तेव्हा दोघींनी खुर्च्या जवळ ओढल्या.

"आई पलीकडची," हसीना म्हणाली. "औताच्या झाडाची. यात शंकाच नाही, चेच्ची." पानाला हिरवं करणारा पेशीतला जो भाग असतो तो रबराला फक्त आईकडून मिळतो, बाप त्यात बोटही घालत नाही. तो औताच्या झाडाशी अक्षरन् अक्षर जुळत होता.

"आणि बाप?"

हसीनाने ओठ चावला. "तुमच्या घरचं झाड नाही."

"पुन्हा बघ."

"दोनदा बघितलं. जवळचं नाही, लांबचं नातंही नाही. आपल्या केंद्राच्या बागेतल्या सगळ्या जातींशी ताडून बघितलं. कोणीच नाही." तिने ताण जरा हलका करायला म्हटलं, "बाप फरार आहे."

सोसा हसली नाही.

*

शब्द दिला होता, म्हणून शनिवारी ती आधी बांधापलीकडे गेली. औताने ऐकून घेतलं. हसला नाही, उठला नाही. कॉफी संपवली, कप उपडा ठेवला, गोठ्यात गेला आणि मग चर्चच्या घंटेला लाज वाटेल अशा आवाजात म्हणाला:

"क्लारे! आई आपली! ऐकलंस का गं, आई आपली! आणि पलीकडचं ते झाड? त्याचा काडीचा संबंध नाही! नुसतं उभं होतं ते, नुसतं उभं!"

बांधाच्या अलीकडे इट्टूप केळं कुस्करून तांदळाच्या पुट्टूत कालवत होता. त्याचा हात थांबला. सोसा धावत आली तेव्हा त्याने वर बघून एवढंच विचारलं, "खरं?"

"आई तिकडची आहे, चाच्चा. ते खरं."

"आणि आपलं?"

"नाही जुळलं," ती म्हणाली. त्याने मान डोलावली आणि ताट बाजूला सरकवलं.

त्यानंतर कैसरची पंचाईत झाली. रोज सकाळी चीक गोळा करून झाला की तो बांधापाशी जाऊन उभा राहायचा, मागे वळून मालकाकडे बघायचा, आणि मालक काही सांगत नाही म्हटल्यावर आपल्याच मनाने एकदा भुंकून परत यायचा. पलीकडून औताने दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो क्लाराला म्हणाला, "आज तिकडे कोणी आजारी आहे का बघ बरं." त्यात टोमणा नव्हता.

*

जानेवारी. पानगळ संपत आली होती. डोंगरभर रबराची झाडं काटक्यांसारखी नागवी उभी, खाली पाचोळा गुडघाभर. सोसा बसमधून उतरून थेट बागेत गेली, कारण घरात चाच्चा नव्हते. ते आपल्या म्हाताऱ्या झाडाखाली पोतं टाकून उताणे पडले होते.

ती धावली. "चाच्चा!"

"ओरडू नकोस. बसलो की कंबर बोलते. आडवा झालो की गप्प बसते." त्यांनी पोत्यावर हात थोपटला. "ये. तूही पड. बरं वाटतं."

ती शेजारी आडवी झाली. आणि वीस वर्षं रबरावर काम केलेल्या बाईने रबराचं झाड खालून वर, असं नीट, पहिल्यांदा पाहिलं.

चहूकडच्या झाडांना एक पान नाही. या एकट्या झाडाला मात्र माथ्यापर्यंत पालवी फुटलेली, नवीकोरी, तांब्याच्या भांड्यासारखी चकाकणारी. सूर्य त्यातून गाळून खाली येत होता. मग तिची नजर बुंध्यावरून हळूहळू वर गेली. दोन माणसं एकावर एक उभी राहतील तेवढ्या उंचीवर एक फुगवटा होता. त्याच्या खाली साल खरबरीत, खवल्यांची. त्याच्या वर गुळगुळीत. एका सदऱ्याला दुसऱ्याच सदऱ्याची बाही शिवावी तशी.

"चाच्चा, तो सांधा कसला?"

"कुठला? हां, तो. डोकं बदललंय त्याचं."

"काय बदललंय?"

"डोकं. चौपन्न साली पान झडायचा रोग आला नव्हता का? पावसात पानं अशी झडली, की झाडं मेलीच म्हणून आम्ही बसलो. मग एक कृषी अधिकारी आला. म्हणाला, बुंधा तुमचाच राहू द्या, वरचं डोकं उडवा आणि तिथे माझ्या जातीचा डोळा भरा; तिला रोग लागत नाही. हे झाड तेव्हा तीन वर्षांचं पोर होतं. मी शिडीवर चढून भरला. पाच झाडांना भरले, चार मेले. हे जगलं."

सोसा उठून बसली. "आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कधी? तू बुंध्याची साल मागितलीस, मी बुंध्याची साल दिली. चांगली धुऊन दिली."

ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिला पाचोळ्यात हात टेकावा लागला. इट्टूप घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

"चाच्चा, चीक कुठून येतो?"

"बुंध्यातून."

"आणि फुलं कुठे येतात?"

"फुलं? फुलं... वर."

"आणि बी कशातून होतं?"

"फुलातून. हे काय बालवाडीतलं..." तो थांबला. कंबरेची पर्वा न करता ताडकन उठून बसला. "म्हणजे तू तपासलंस ते..."

"ज्याला आयुष्यात एक फूल आलं नाही, त्याची साल तपासली. इथल्या कोणीही तेच केलं असतं. आपण सगळे छातीपर्यंतच बघतो."

*

आता पान हवं होतं, वरचं, आणि लवकर. तांबूस पान हिरवं व्हायला आठवडा पुरतो, आणि एकदा का ते जून झालं की त्यातला चीक सगळ्या नळ्या बरबटून टाकतो. शिवाय हसीनाने फोनवर सांगितलं: त्या अधिकाऱ्याची ती जात पुढे कमी चीक देते म्हणून टाकून दिली होती. केंद्राच्या बागेत एक झाड शिल्लक नव्हतं. जगात कुठे असेल तर इट्टूपच्या बुंध्यावर.

नारळ उतरवणारा कुट्टप्पन आला, वर बघितलं आणि पायातला दोर सोडला. "माडावर चढतो मी, मरणावर नाही. रबराची फांदी पापडासारखी मोडते."

खालची एकच फांदी आवाक्यात येईल अशी होती, आणि ती बांध ओलांडून नेमकी क्लाराच्या गोठ्यावर लोंबत होती. तिथपर्यंत पोहोचेल अशी आंबे काढायची आकडीही गावात एकच. तीन बांबू जोडून केलेली. औताची.

इट्टूप बांधापाशी गेला. घसा खाकरला. कैसरने आनंदाने शेपटीने जमीन झोडपायला सुरुवात केली.

"कैसर, पलीकडे एक लांब आकडी आहे म्हणतात. बऱ्या माणसाकडे असती तर मागितली असती."

गोठ्यात भांडं पडल्याचा आवाज झाला. मग घाईघाईने, "क्लारे, आहे म्हणावं आकडी! पण ती आंब्यांसाठी आहे, लोकांचे हरवलेले बाप शोधायला नाही!"

"कैसर, बाप हरवलेला नाही. वर बसलाय. त्यांच्याच गोठ्यावर."

एलीयाम्मा कंबरेला पदर खोचून आली, खांद्यावर आकडी. "तोंडं चालवा कुत्र्या-गाईशी, पण हात कामाला लावा! मुलीला उद्या परत जायचंय!"

औताने आकडी उभी केली. तिचं टोक वाऱ्यावर दारू प्यायल्यासारखं डोलत होतं. गोठ्याच्या छपरामुळे त्याला ते दिसेना. दिसत होतं ते बांधाच्या अलीकडून, इट्टूपला. सोसा खाली बर्फाची पेटी उघडून उभी.

"कैसर, त्यांना सांग, डावीकडे."

"क्लारे, विचार, कोणाच्या डावीकडे?"

"कैसर, त्यांच्या."

"क्लारे, अजून की पुरे?"

वारा आला. आकडी डहाळीत अडकली, सुटली, पुन्हा अडकली आणि घसरायला लागली.

"अरे तुझ्या डावीकडे रे औत्या! तुझ्या! गाढवा, वर बघ ना!"

"वरच बघतोय, माकडा! डोळ्यांत कचरा पडतोय माझ्या!"

आणि सगळं थांबलं. क्लाराचं चघळणं थांबलं. एलीयाम्माने छातीवर क्रूस काढला. दोघे म्हातारे बांधाच्या दोन बाजूंना, एक मान वर करून आणि एक हात वर करून, तसेच उभे.

मग इट्टूप हळूच म्हणाला, "थोडं वर घे."

"किती?"

"वीतभर."

"ही घे वीतभर. आणखी?"

"बास. आता फिरव. ओढ!"

कडकन आवाज झाला. तांबूस पानांचा झुपका छपरावर आपटला, घरंगळला आणि क्लाराच्या पुढ्यात पडला. क्लाराने जीभ बाहेर काढली. मग सोसाने जे केलं ते तिने कुठल्याही शोधनिबंधात लिहिलं नाही: तिने दीडशे कोटी अक्षरं गाईच्या तोंडातून दोन्ही हातांनी ओढून काढली. पाच-सात पानं धड होती. तेवढी पुरे होती.

*

मार्चमध्ये निकाल आला. हसीना पडद्याकडे बघत फक्त म्हणाली, "चेच्ची, सापडला," आणि दोघी टेबलाभोवती नाचल्या. वेणी सुटली होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ही बट आईची, ही बापाची. शेजारच्या खोलीतून साहेब बघायला आले आणि त्यांनाही एक गिरकी घ्यावी लागली.

सोसाने या वेळी कोणालाही आधी सांगितलं नाही. बांधावरच चढली, इकडे एक पाय, तिकडे एक पाय, आणि दोघांना हाक मारली. इट्टूप आला. त्याचा हात नकळत सदऱ्याच्या गुंडीशी गेला.

"आई पलीकडची," ती म्हणाली. "ते ठरलेलंच आहे. बाप अलीकडचा. चाच्चा, बाप आपल्या झाडावरचा."

इट्टूपने गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. डोळे पुसायला काही नव्हतं म्हणून त्याने ते हातांनी पुसले आणि हात कैसरच्या कानांना.

औता बोटांवर काहीतरी मोजत होता. "थांबा थांबा. झाड माझ्याकडचं आई. याच्याकडचं बाप. म्हणजे आम्ही... व्याही?"

"व्याही," सोसा म्हणाली.

"आणि मी मुलीकडचा?"

"तूच मुलीकडचा!" इट्टूपला आवाज सापडला. "आणि एकतीस वर्षांत वरपक्षाला साधी कॉफी विचारली नाहीस!"

"एकतीस वर्षं रुसून कोण बसलं होतं?"

"रुसायचा मान वरपक्षाचाच असतो!"

औताने तोंड उघडलं, मिटलं, मग त्याच्या डोळ्यांत जुनी खोडी चमकली. "पण एक सांग. डोकं तुझं कुठे होतं? ते तर सरकारी. कुठला कोण अधिकारी घेऊन आला. तुझं काय त्यात?"

सोसाने बांधावरून औताकडे डोळे वटारले. इट्टूप मात्र जराही अडखळला नाही.

"दत्तक बाहेरूनच येतो, औत्या. माझ्या बुंध्यावर राहिला, माझ्या जमिनीतलं पाणी प्याला, इतकी वर्षं माझ्या आधाराने उभा आहे. दत्तक मुलगा तो माझा. बघ तिकडे, अजून काही बोलायचंय?"

"आहे," औता म्हणाला. "रविवारी जेवायला या. एली पिडी करेल. कोंबडी मी कापतो."

रविवारी जेवण मुलीकडच्यांकडे, म्हणजे औताकडे, झालं. क्लारा आणि कैसर एकमेकांकडे बघत अंगणात बसून होते. त्यांना काम उरलं नव्हतं. पंगतीत बाहेरची चार माणसंही होती, त्यामुळे इट्टूपला राहवलं नाही. त्याने पाठ सरळ केली आणि सवयीने सुरुवात केली, "मणिमला-सात म्हणजे माझ्या झाडाचं..."

"जेव आधी," औता म्हणाला, आणि त्याच्या ताटात कोंबडीची तंगडी वाढली.

सोसा समोर बसून बघत होती. चाच्चांनी तंगडी खाल्ली, पिडीचे तांदळाचे गोळे मागून घेतले, आणि वाक्य पूर्ण करायचं विसरूनच गेले.

*

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत मीनच्चिलच्या खोऱ्यात पाऊस पडला नाही, त्यामुळे रबराचा मोहोर गळला नाही. ऑगस्टमध्ये औताच्या झाडावरचं एक फळ तडकलं आणि बी बांधावर जाऊन पडलं.